घोगरा, भसाडा आणि बोंबक : मराठी आवाजाच्या नावांचा मागोवा

औंढ्याच्या नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने अंग चोरून खाली उतरावे लागते आणि तिथल्या दाटीत कोणाचाही आवाज जाड होऊन कानावर येतो. या देवळाची सर्वांना ठाऊक असलेली कथाही आवाजाचीच. देवळासमोर कीर्तन नको म्हणून नामदेवांना मागे पाठवले. ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरले. नंदी पाठीमागे का, याचे उत्तर म्हणून आजही हीच कथा सांगतात. नामदेवांचा आवाज गोड होता की घोगरा, हे कथा सांगत नाही. तिला त्याची गरजही नाही. पण आवाज पारखण्याचे शास्त्र नामदेवांच्या जन्मापूर्वी (१२७०) थोडीच वर्षे, याच यादवांच्या राज्यात लिहून झाले होते.

देवगिरीला सिंघण यादवाच्या (१२१०–१२४७) पदरी शार्ङ्गदेव होता. आजोबा काश्मीरहून आलेले. स्वतः दरबारच्या हिशेबखात्याचा प्रमुख आणि वैद्यकाचा जाणकार. ‘संगीतरत्नाकरा’च्या प्रकीर्णक अध्यायात तो आवाजाचे चार प्रकार करतो. कफाचा खाहुल, स्निग्ध आणि गोड. पित्ताचा नाराट, गंभीर आणि भरीव. वाताचा बोंबक, जाड, परुष, चढा, पण आतून पोकळ. आणि चौथा मिश्रक. बोंबक वाचताना मराठी माणसाला बोंब आठवल्याशिवाय राहत नाही.

खरी मौज पुढच्या आठ दोषांत आहे. ओलावा नसलेला तो रूक्ष, फुटलेला तो स्फुटित, एरंडाच्या दांड्यासारखा पोकळ तो निःसार, डोमकावळ्यांच्या थव्यासारखा कठोर तो काकोली. तार आणि मंद्र कष्टाने गाठणारा केणी, फार बारीक तो कृश. आणि गाढवाउंटाच्या ओरडण्यासारखा नीरस तो भग्न. (केटी तिन्ही स्थानांत फिरतो, पण त्यात गुण नाही. असे गायक आपणही ऐकले आहेत.) गायकाचे पंचवीस दोष त्याने वेगळे दिले आहेत: दात आवळून गाणारा, गाताना कपाळाच्या शिरा फुगवणारा, भोपळ्यासारखा गळा फुगवणारा. आवाजाचा दोष निराळा आणि माणसाच्या सवयीचा निराळा, हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या बोलीत तो पुसट झाला आहे. घोगरा म्हणजे जाड, घशात घोळणारा. मिसरूड फुटणाऱ्या मुलाला तो शोभतो, बाईला लावला की टोमणा होतो. भसाडा हे नुसते वर्णन नाही, तो निकाल आहे: मोठाही आणि बेसूरही. चिरका बारीक आणि कान कापणारा. खरखरीत म्हणताना आपण आवाजाला जणू हात लावून पाहतो. इंग्रजीतही होर्स हा आजाराचा शब्द, ग्रफ हा तुसड्या स्वभावाचा, तर हस्की आकर्षणाचा. म्हणूनच सिनेमातल्या नटीचा आवाज हस्की आणि शेजारणीचा घोगरा!

या सगळ्यांत फसवा शब्द एकच, बसलेला. जे बसते ते उठते, असे ते क्रियापद आपल्याला परस्पर पटवून टाकते. सुश्रुताने स्वरभेदाचे सहा प्रकार मानले. वात, पित्त, कफ, सन्निपात यांच्या जोडीला क्षय आणि मेद ही कारणेही वेगळी काढली. बोलीत मात्र सहाही ‘बसलेले’च.

आमचे एक चुलत आजोबा काकड्याला वीणा घेऊन उभे राहत. एका कार्तिकात त्यांचा आवाज बसला. ‘बसलाय, उठेल’ म्हणत घराने ज्येष्ठमध आणि हळदीच्या दुधावर पाच महिने काढले. आवाज तीन-चार आठवड्यांत मोकळा झाला नाही तर स्वरयंत्र तपासून घ्यावे, तंबाखू खाणाऱ्याने तर त्याआधीच, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितले ते चैत्रात. तोवर गाठ वाढली होती. शस्त्रक्रियेनंतर ते कुजबुजीतच बोलत. गावात कोणी विचारले, की आम्ही शेवटपर्यंत सांगत राहिलो, ‘काही नाही, आवाज बसलाय.’