एल निनो

एल निनो ही विषुववृत्तीय प्रशांत महासागराच्या मध्य व पूर्व भागातील पृष्ठजल सरासरीपेक्षा अधिक तापण्याची, साधारणतः २ ते ७ वर्षांच्या अंतराने उद्भवणारी नैसर्गिक घटना आहे. ती बहुधा ९ ते १२ महिने टिकते. तिच्यामुळे जगाच्या अनेक भागांतील वाऱ्यांची व पावसाची नेहमीची मांडणी बदलते. भारतात तिचा संबंध प्रामुख्याने नैर्ऋत्य मोसमी पाऊस दुर्बल होण्याशी जोडला जातो. पावसातील ही तूट पुढे पेरणी, उत्पादन, चारापाणी आणि अन्नधान्याच्या किमती यांपर्यंत पोहोचते. याच्या उलट, म्हणजे पृष्ठजल सरासरीपेक्षा थंड होण्याच्या स्थितीस 'ला निना' म्हणतात.

नाव व संशोधनाचा इतिहास

पेरू देशाच्या किनाऱ्यावरील कोळ्यांना काही वर्षी नाताळच्या सुमारास समुद्राचे पाणी उबदार झाल्याचे व मासे कमी झाल्याचे आढळत असे. या उबदार प्रवाहाला त्यांनी बाळ येशूवरून 'एल निनो' असे नाव दिले. स्पॅनिश भाषेत या शब्दांचा अर्थ 'तो मुलगा' असा होतो.

या घटनेच्या अभ्यासात भारताचा वाटा मोठा आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली आणि लगेचच १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला. १८९९ मध्ये पाऊस पुन्हा दगा देऊन गेला. त्यानंतर विभागाची सूत्रे १९०४ मध्ये गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. मोसमी पावसाचे पूर्वानुमान करण्यासाठी जगभरच्या नोंदी तपासताना प्रशांत महासागराच्या दोन बाजूंचा वायुदाब तराजूच्या पारड्यांप्रमाणे वरखाली होतो, असे त्यांना दिसले. या हालचालीस त्यांनी 'दक्षिणी दोलन' हे नाव दिले. हे दोलन आणि समुद्राचे तापणे ही एकाच प्रक्रियेची दोन अंगे आहेत, हे याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये स्पष्ट केले. म्हणूनच दोहोंना मिळून 'एन्सो' ही संज्ञा रूढ झाली.

प्रक्रिया

सामान्य वर्षी विषुववृत्तालगतचे व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. ते उबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात, तर पेरूच्या किनाऱ्याशी खोल समुद्रातील थंड व पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. पश्चिमेकडील उबदार पाण्यावर हवा वर चढून भरपूर पाऊस पडतो.

एल निनोच्या काळात हे वारे मंदावतात. उबदार पाणी पूर्वेकडे सरकते व त्याबरोबर पावसाचा पट्टाही सरकतो. पेरू व इक्वाडोरच्या कोरड्या किनाऱ्यावर अतिवृष्टी होते. इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आशियाच्या भागात हवा खाली उतरण्याची प्रवृत्ती वाढते व पाऊस रोडावतो. मध्य प्रशांत महासागरातील ठरावीक पट्ट्याचे तापमान सरासरीपेक्षा किमान ०.५ अंश सेल्सिअसने अधिक राहिले व ही स्थिती काही महिने टिकली, म्हणजे एल निनो प्रस्थापित झाल्याचे मानले जाते.

भारतातील पावसावर परिणाम

१९७२, १९८७, २००२, २००९ आणि २०१५ या एल निनो वर्षांत देशातील जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीपेक्षा लक्षणीय कमी होता. २००९ मधील तूट सुमारे २२ टक्के होती. २०२३ मध्ये एकूण तूट सुमारे ६ टक्केच राहिली, परंतु त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पिकाच्या दृष्टीने हंगामाच्या बेरजेइतकाच दोन पावसांमधील खंड महत्त्वाचा असतो, हे यावरून दिसते.

तथापि एल निनो म्हणजे दुष्काळ, असे समीकरण मांडता येत नाही. १९५१ नंतरच्या एल निनो वर्षांपैकी निम्म्याहून अधिक वर्षांत पाऊस कमी पडला, पण उरलेल्या वर्षांत तो सरासरीइतका किंवा अधिक होता. १९९७ चा एल निनो अत्यंत तीव्र असूनही भारतात पाऊस सरासरीएवढा झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा अधिक तापलेला होता. 'हिंदी महासागर द्विध्रुव' या नावाने ओळखली जाणारी ही स्थिती मोसमी पावसाला पोषक मानली जाते.

शेतीवर परिणाम

परिणामाची तीव्रता सिंचनावर अवलंबून असते. पंजाब व हरियाणात कालवे व विहिरींचा आधार असल्याने भातपीक बहुधा तगते, मात्र उपशाचा खर्च वाढतो. महाराष्ट्रातील बहुतांश शेती कोरडवाहू असल्याने मराठवाडा, सोलापूर व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) अशा अवर्षणप्रवण भागांना सर्वाधिक झळ बसते.

पाऊस लांबल्यास पेरणी उशिरा होते. पेरणीनंतर दीर्घ खंड पडल्यास दुबार पेरणी करावी लागते, म्हणजे बियाणे व खतांचा खर्च दुप्पट होतो. सोयाबीनच्या शेंगा भरण्याचा काळ साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो, त्यामुळे ऑगस्टमधील खंड या पिकास विशेष घातक ठरतो. सप्टेंबरात जमिनीत ओल न राहिल्यास रब्बी ज्वारी व हरभऱ्याचे क्षेत्र घटते. ज्वारी घटली की कडबा घटतो आणि जनावरे विकण्याची वेळ येते.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो लोक दुष्काळी कामांवर होते. कामावर मिळणारी सुकडी आणि शिधापत्रिकेवरील परदेशी 'मिलो' ज्वारी ग्रामीण भागातील जुन्या पिढीच्या आजही स्मरणात आहे. याच अनुभवातून राज्याच्या रोजगार हमी योजनेचा विस्तार झाला व १९७७ मध्ये तिचा कायदा संमत झाला. २०१४ व २०१५ अशी सलग दोन वर्षे पाऊस कमी पडल्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले.

किमतींवर परिणाम

एल निनोचा किमतींवरील परिणाम तीन मार्गांनी होतो: उत्पादनातील प्रत्यक्ष घट, पुढील टंचाईच्या अपेक्षेने होणारी साठवण आणि सरकारी निर्बंध. तांदूळ व गहू यांचे सरकारी साठे असल्याने त्यांच्या किमती काहीशा आवरता येतात. डाळी, भाजीपाला व खाद्यतेल यांना असे संरक्षण कमी असते.

तुरीचे उदाहरण बोलके आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तूरडाळीचा किरकोळ भाव अनेक शहरांत किलोमागे २०० रुपयांच्या घरात गेला. या भावाकडे पाहून शेतकऱ्यांनी पुढील वर्षी तुरीचे क्षेत्र वाढवले. २०१६ मध्ये पाऊस चांगला झाला, विक्रमी पीक आले आणि २०१७ च्या आरंभी बाजारभाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली घसरला. पीक नसताना भाव व पीक असताना भाव नाही, अशा दोन्ही टोकांचा फटका एकाच शेतकऱ्याला बसला.

२० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. भारत हा जगातील सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार असल्याने जागतिक बाजारात तांदळाचे भाव अनेक वर्षांतील उच्चांकावर गेले. कांद्यावर ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावण्यात आले व डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. शहरी ग्राहकाला दिलासा देणाऱ्या या उपायांनी नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांचे भाव पडले व लिलाव बंद पाडण्यात आले.

परिणाम परदेशातूनही येतात. १९७२-७३ च्या एल निनोत पेरूची अँचोव्ही मासेमारी कोसळली, पशुखाद्यासाठीच्या मत्स्यचूर्णाची टंचाई झाली व सोयाबीनची मागणी वाढली. इतर कारणांची भर पडून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर काही काळ बंदी घातली. भारत आज खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो. त्यामुळे इंडोनेशिया व मलेशियात पाऊस कमी होऊन पामतेलाचे उत्पादन घटल्यास त्याची झळ येथील स्वयंपाकघरापर्यंत पोहोचू शकते.

प्रत्येक भाववाढीचे कारण मात्र एल निनो नसते. मार्च २०२२ मधील उष्णतेने गव्हाचे नुकसान झाले व मे महिन्यात गव्हाची निर्यात थांबवण्यात आली, तेव्हा ला निना चालू होती.

पूर्वानुमान व उपाययोजना

एल निनोची चाहूल काही महिने आधी लागू शकते. मात्र उत्तर गोलार्धातील वसंत ऋतूपूर्वी केलेली अनुमाने तुलनेने कमी विश्वसनीय असतात आणि भारतातील खरिपाची तयारी नेमकी याच काळात चालू असते. भारतीय हवामानशास्त्र विभाग एप्रिलमध्ये पहिले व मेअखेर सुधारित अनुमान जाहीर करतो. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मोसमी पावसाच्या गणिती प्रतिमानांवर संशोधन चालते.

अशा वर्षी कमी कालावधीचे वाण, तूर-सोयाबीनसारखी आंतरपिके, शेततळ्यातून संरक्षित पाणी आणि चाऱ्याची आगाऊ तरतूद हे उपाय सुचवले जातात. १८८० च्या दुष्काळ आयोगाने नोंदवले होते की दुष्काळातील मुख्य संकट धान्याच्या अभावापेक्षा रोजगार बुडाल्याने ते विकत घेण्याची ऐपत संपण्याचे असते. त्यामुळे धान्यसाठ्याइतकीच वेळेवर काम व मजुरी मिळण्याची व्यवस्थाही या उपाययोजनेचा आवश्यक भाग मानली जाते.