धमन्या, भाज्या आणि केन ओवेन

१७ सप्टेंबर २०२१, शुक्रवार. आमचा गणपती दहा दिवसांचा, त्यामुळे बाप्पा अजून घरातच होते. कोरोनामुळे गल्लीतला मांडव लहान आणि ढोल गप्प. मी लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग म्यूट करून एका कानात हेडफोन घातला होता. कारकस या ब्रिटिश बँडचा नवा अल्बम त्या दिवशी आला होता, 'टॉर्न आर्टरीज'. फाटलेल्या धमन्या.

त्याच वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती. एका धमनीत स्टेंट. घरात दुधी, पडवळ, बिनमिठाची डाळ असं राज्य सुरू होतं. बाबांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं. पांढऱ्या ताटलीत भाज्या रचून केलेलं माणसाचं हृदय.

"हे काय, डाएटचं पुस्तक आहे का?"

"नाही बाबा, गाणी आहेत."

"भाज्यांची?"

मी हसलो, पण उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर आहे.

गोष्ट सुरू होते १९८०च्या दशकात, लिव्हरपूलमध्ये. बीटल्सचं गाव. गोदी ओस पडत चाललेली, बेकारी वाढलेली, आणि थॅचरबाईंचं सरकार. बिल स्टीअर हा गिटार वाजवणारा मुलगा आणि त्याचा ड्रम वाजवणारा मित्र केन ओवेन यांनी कारकस सुरू केला. मग जेफ वॉकर बास घेऊन आला. तिघंही विशीच्या आसपासचे. १९८७मध्ये त्यांनी एक डेमो टेप केली, 'फ्लेश रिपिंग सॉनिक टॉर्मेंट'. त्या टेपवरच्या गायकाचं नाव होतं संजीव. तो लवकरच बाहेर पडला आणि मग हे तिघंच आळीपाळीने गायला लागले. गायला म्हणजे, ओरडायला. एक आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा, दुसरा घसा खरवडून काढलेला.

१९८८मध्ये पहिला अल्बम आला, 'रीक ऑफ प्युट्रिफॅक्शन'. रेकॉर्डिंग इतकं गढूळ की ड्रम्स कुठले आणि गिटार कुठली हे ओळखायचीच पंचाईत. पण बीबीसीवरचे प्रसिद्ध रेडिओ निवेदक जॉन पील यांनी तो त्या वर्षीचा आपला आवडता अल्बम म्हणून जाहीर केला. नव्या, विचित्र संगीताला हवेवर जागा देणारा हा माणूस नसता, तर हा आवाज कदाचित लिव्हरपूलच्या बाहेर पोचलाच नसता.

डेथ मेटल ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: खाली उतरवलेल्या सुरातल्या गिटार, मशीनगनसारखे ड्रम्स, गुरगुरणारा आवाज आणि मरणाबद्दलचे शब्द. यातले बरेच बँड सैतान आणि नरक यांच्या मागे लागले. कारकसने मात्र वैद्यकीय शब्दकोश उघडला. वॉकरची बहीण नर्स होती, तिच्याकडचं ते पुस्तक. त्यातले लांबलचक लॅटिन शब्द जोडून त्यांनी शवागारावर गाणी रचली. पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर वैद्यकीय नियतकालिकांतल्या फोटोंची चिकटवाचिकटवी होती. ती मी आजही घरात उघड्यावर पाहत नाही.

आणि हे सगळं करणारी ही मुलं शाकाहारी होती! मला ही गोष्ट कळली तेव्हा आधी विनोद वाटला. मग लक्षात आलं की त्यात एक सरळ तर्क आहे. खाटकाच्या दुकानात टांगलेलं मांस पाहून आपल्याला काही वाटत नाही, मग माणसाचं शरीर तसंच मांडलं तर का वाटतं? प्रश्न गंभीर होता, मांडणी टवाळ. विशीतल्या पोरांना शरीर म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी अडचण वाटते. मलाही वाटायचं.

पुढची पाच वर्षं त्यांनी कमालीच्या वेगाने शिकण्यात घालवली. १९८९, १९९१ आणि १९९३ असे आणखी तीन अल्बम. दरम्यान मायकेल अॅमट हा स्वीडिश गिटारवादक आला. दोन गिटार एकमेकींशी बोलू लागल्या, गोंगाटातून चाल ऐकू येऊ लागली. १९९३चा 'हार्टवर्क' हा त्याचा कळस. त्याच्या मुखपृष्ठावर 'एलियन' सिनेमातल्या प्राण्याची कल्पना करणाऱ्या एच. आर. गीगर यांचं शिल्प आहे. आज ज्याला मेलडिक डेथ मेटल म्हणतात, त्याचा पाया ज्या मोजक्या अल्बमनी घातला त्यांत 'हार्टवर्क'चं नाव पहिल्या काहींत घ्यावं लागतं.

मोठी कंपनी दारात आली, कोलंबिया रेकॉर्ड्स. आणि मग नेहमीचं घडलं. करार झाला, अपेक्षा वाढल्या, करार मोडला. पुढचा अल्बम 'स्वानसाँग' १९९६मध्ये जुन्याच छोट्या कंपनीने, इअरेकने, बाहेर काढला, तेव्हा बँड आधीच फुटला होता.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण १९९९मध्ये केन ओवेनच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तो कित्येक महिने कोमात होता. वाचला, पण ज्या हातापायांनी त्याने या संगीताला वेग दिला होता, ते पूर्वीसारखे राहिले नाहीत. ज्या बँडने आयुष्यभर शरीराच्या मोडतोडीवर गाणी लिहिली, त्यांच्याच ड्रमरच्या डोक्यात एक रक्तवाहिनी फुटली. हे वाक्य मी तीनदा खोडलं, कारण ते फार जुळवून आणल्यासारखं वाटतं. पण घडलं ते असंच.

२००८मध्ये कारकस पुन्हा मंचावर आला. पूर्ण कार्यक्रम वाजवणं ओवेनला शक्य नव्हतं, म्हणून अॅमटच्या दुसऱ्या बँडचा ड्रमर त्याच्या जागी बसला. पण मध्येच ओवेनला मंचावर बोलावलं जायचं. तो ड्रम्सवर बसून थोडा वेळ एकटा वाजवायचा आणि समोरची हजारो माणसं त्याच्यासाठी ओरडायची. एरवी अशा कार्यक्रमांत वेगाची मोजदाद चालते, कोण मिनिटाला किती ठोके मारतो याची. त्या काही मिनिटांत ती मोजदाद कुणी करत नसे.

२०१३मध्ये, सतरा वर्षांनी, नवा अल्बम आला: 'सर्जिकल स्टील'. ड्रम्सवर पुढच्या पिढीचा डॅनिएल वाइल्डिंग. ओवेनने त्यात मागचे आवाज दिले. तो इतका चांगला निघाला की पुन्हा एकत्र आलेल्या बँडकडून फार अपेक्षा ठेवू नये, हा नियमच मोडला.

आणि मग आमच्या गणपतीतला तो शुक्रवार. 'टॉर्न आर्टरीज' हा कारकसचा सातवा अल्बम. तो २०२०मध्येच यायचा होता, महामारीने वर्षभर अडवला. ऐकायला तो 'हार्टवर्क'पेक्षा सैल आहे. सत्तरच्या दशकातल्या रॉकची ऐट आहे, स्टीअरची गिटार मध्येच ब्लूजकडे वळते. जवळजवळ दहा मिनिटांचं एक गाणं आहे, ज्याच्या नावात त्या १९८७च्या डेमोचं नाव पुन्हा येतं. त्यापुढे फक्त 'लिमिटेड' जोडलंय, जणू पोरखेळाची आता कंपनी झाली.

आणि 'टॉर्न आर्टरीज' हे नाव? तेही जुनंच. ऐंशीच्या दशकात केन ओवेनने केलेल्या एका डेमोचं ते नाव.

आम्ही सॉफ्टवेअरवाले 'गिट ब्लेम' नावाची एक कमांड वापरतो. कोडमधली कुठली ओळ कुणी लिहिली ते ती दाखवते. सोडून गेलेल्या माणसांची नावं त्यात वर्षानुवर्षं दिसत राहतात. त्यांची ओळ चालते म्हणून ती कुणी काढत नाही. ओवेन या अल्बमवर ड्रम वाजवत नाही, पण अल्बमच्या माथ्यावरची ओळ त्याची आहे.

मुखपृष्ठाचंही तसंच. झ्बिग्निएव बिएलाक या पोलिश चित्रकाराने भाज्यांचं ते हृदय हळूहळू सडताना दाखवलंय. त्यामागे जपानची 'कुसोझु' ही चित्रपरंपरा आहे: मृतदेह नऊ टप्प्यांत कसा विरत जातो याची चित्रं. तिचं मूळ बौद्ध ध्यानात आहे. स्मशानातल्या देहाकडे पाहून आपलाही देह असाच आहे हे ओळखायची ती साधना पाली सुत्तांत सांगितलेली आहे. म्हणजे लिव्हरपूलच्या पोरांनी १९८८मध्ये टवाळी म्हणून जे केलं, ते आपल्याकडे अडीच हजार वर्षांपूर्वी डोळे मिटून, शांतपणे केलं जात होतं. पन्नाशी ओलांडल्यावर पोरंही तिथेच आली. रक्तमांसाचे फोटो गेले, ताटलीत भाज्या आल्या.

बाबांना यातलं थोडंसं मी त्या रात्री जेवताना सांगितलं. ड्रमरचं आजारपण सांगितलं तेव्हा त्यांनी घास थांबवला.

"आता कसा आहे तो?"

"जगतोय. वाजवत नाही."

"मग नाव त्याचं का ठेवलं?"

"मित्र आहे म्हणून."

बाबांनी मान हलवली, दुधीची भाजी पुढे ओढली. मग म्हणाले, "लाव बघू एक. आवाज कमी ठेव, बाप्पा झोपलेत."

दीड मिनिट ऐकलं त्यांनी. मग डाव्या हाताने छातीवर, स्टेंटच्या आसपास, ताल धरून पाहिला आणि म्हणाले, "एवढा वेग मला डॉक्टरांनी मना केलाय."