विजेची गिटार कशी जन्मली?

गिटार तशी हळू बोलणारी. लहान खोलीत ती छान ऐकू येते, पण शेजारी कोणी ट्रम्पेट आणि ड्रम घेऊन बसले की तिचे काही चालत नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या नृत्यगृहांत मोठमोठे वाद्यवृंद वाजत. त्यांतला गिटारवादक लोकांना दिसत असे, ऐकू येत नसे.

मग आवाज वाढवायचा कसा? गिटारची पोकळ पेटी तारेचे कंपन हवेपर्यंत पोचवते, म्हणून आधी पेटीचाच विचार झाला. तिच्यात अ‍ॅल्युमिनियमचे पातळ शंकू बसवले. आवाज वाढला, पण पुरेसा नाही. दुसरा मार्ग माइकचा. त्यातली अडचण आपण शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी अनुभवतो. माइक कर्ण्यासमोर गेला की 'कुंई' अशी किंकाळी उठते. कर्ण्याचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून कर्ण्यातून बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. शिवाय माइक निवड करत नाही. शेजारचा ड्रमही तो तितक्याच आवडीने ऐकतो.

लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम नावाचा एक वादक होता. तो हवाईयन गिटार वाजवत असे. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची ती. (आपल्याकडे व्हॅन शिप्ले यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धुना वाजवल्या त्या विजेच्या गिटारवरच.) बीचमने प्रश्न वेगळा विचारला. हवेतला आवाज पकडायचाच कशाला? तारेची हालचालच पकडली तर?

यामागचे विज्ञान जुने होते. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ सालीच दाखवले होते. बीचमच्या रचनेत चुंबकही स्थिर आणि वेटोळेही स्थिर. हलते ती फक्त गिटारची पोलादी तार. चुंबकाजवळ असल्यामुळे ती स्वतः थोडी चुंबक बनते आणि थरथरताना वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र बदलत राहते. तार सेकंदाला ४४० वेळा कंप पावली की वेटोळ्यातली वीजही ४४० वेळा मागेपुढे होते. इथे मुलांना विचारून पाहा : नायलॉनच्या तारा लावल्या तर? कर्णा गप्प बसेल.

मग फॅरेडेनंतर १०० वर्षे हे कोणी का केले नाही? आम्हाला वाटते, ही वीज इतकी क्षीण असते की एकटी ती निरुपयोगीच होती. ती वाढवणारे व्हॉल्व्ह विसाव्या शतकात आले आणि रेडिओमुळे १९२०च्या दशकात घरोघर पोचले.

बीचमने वेटोळे गुंडाळण्यासाठी कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर वापरली, असे सांगतात. १९३१मध्ये लाकडी नमुना तयार झाला. गोल अंग आणि लांब दांडा यांमुळे त्याला 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा, असे नाव पडले. अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर हा कारखानदार बीचमचा भागीदार. त्यांनी १९३२पासून तिचे उत्पादन केले, तेही ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे.

पेटंट मात्र लवकर मिळेना. हे वाद्य की विजेचे उपकरण, आणि ते खरेच चालते का, अशा शंका पेटंट कचेरीला होत्या. अखेर वादकांना वॉशिंग्टनला पाठवून अधिकाऱ्यांसमोर गिटार वाजवून दाखवावी लागली. १९३४ साली केलेल्या अर्जावर पेटंट मिळाले १९३७मध्ये. तोपर्यंत इतर कंपन्याही अशा गिटारी विकू लागल्या होत्या.

या गिटारी बहुधा पोकळ असत आणि आवाज फार वाढवला की पेटी कर्ण्याबरोबर थरथरून तीच किंकाळी उठे. वेटोळे हवेचा आवाज ऐकतच नाही, तर पेटी हवी कशाला? लेस पॉल या वादकाने १९४०च्या सुमारास जाड लाकडी ठोकळ्यावरच तारा ताणल्या. लोकांना ते ध्यान रुचेना, तेव्हा त्याने एका जुन्या गिटारचे दोन अर्धे तुकडे ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना जोडले, निव्वळ दिसण्यासाठी! भरीव लाकडाची गिटार १९५०मध्ये बाजारात आणून तिचा खप वाढवला तो लिओ फेंडरने. तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती.