लाट ओसरल्यावरची मंडळी

नमस्कार मंडळी. आपल्याकडचे ख्रिस्ती बांधव चर्चमध्ये जमणाऱ्या समाजालाही ‘मंडळी’च म्हणतात. आजचा विषय तोच.

26 डिसेंबर 2004. नाताळचा दुसरा दिवस, रविवार. सकाळी नऊच्या सुमारास त्सुनामी चेन्नईच्या किनाऱ्यावर आली. समुद्रालगतचं सांथोमचं चर्च वाचलं. आसपासच्या कोळीवाड्यांतली घरं गेली. अनेकांनी चर्चमध्येच आसरा घेतला.

पुढे काय झालं? किनाऱ्यावरच्या अनेक कुटुंबांना वीसेक किलोमीटरवर, सेम्मंचेरीला घरं मिळाली. घरं पक्की, पण समुद्र लांब, होडी लांब, चर्चही लांब. आपल्या किल्लारी भागात 1993 च्या भूकंपानंतर गावंच्या गावं एकत्र हलवली, त्यामुळे शेजार बराचसा टिकला. इथे शेजारच फुटला.

मी फौजी माणूस. बराक पडली तर पलटण तंबूत राहते. जवान पांगले की पलटण संपते. मंडळीचंही तसंच. नव्या वसाहतीत नवी मंडळी उभी करायची तर आधी माणसं गोळा करावी लागतात, छताचं नंतर. पुनर्वसनाचे नकाशे काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: घर देताना शेजारही द्यावा.

जय हिंद.