डिझेल बोटीसाठी इंजिन ऑइल कोणत्या कंपनीचे घ्यावे?

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजेच धडगाव या तालुक्यांच्या कडेने नर्मदा वाहते. गुजरातमधील केवडियाजवळच्या सरदार सरोवर धरणाचे पाणी इथपर्यंत साठते. या प्रकल्पाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद करण्यात आले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. डोंगरांमधल्या नाल्यांत पाणी शिरले, जुन्या पायवाटा बुडाल्या आणि मणिबेली, चिमलखेडीसारख्या गावांच्या वस्त्यांसाठी बोट हेच रोजचे वाहन झाले. आरोग्य विभागानेही याच पाण्यावर तरंगता दवाखाना आणि बोट रुग्णवाहिका चालवल्या.

रस्त्यावर गाडी बंद पडली तर ती ढकलून कडेला लावता येते. पाण्याच्या मध्यावर इंजिन जाम झाले तर बोट वारा नेईल तिकडे जाते, आणि त्या बोटीत बाळंतपणासाठी निघालेली बाई किंवा तापाने फणफणलेले मूल असू शकते. म्हणूनच बोट चालवणारे एक प्रश्न वारंवार विचारतात: ऑइल कोणत्या कंपनीचे घ्यावे?

थोडक्यात उत्तर असे: कंपनीचे नाव शेवटी पाहावे. त्याआधी तेलाचा जाडपणा, त्याचा दर्जा आणि ते बदलण्याची वेळ या तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. त्या बरोबर असतील तर कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचे तेल चालते. त्या चुकल्या तर सर्वांत महाग तेलही इंजिन वाचवत नाही.

बोटीचे इंजिन वेगळे का?

इंजिन ऑइल फिरणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरून घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, डिझेलच्या ज्वलनातून येणारी काजळी स्वतःत धरून ठेवते आणि गंज रोखते. बोटीत या प्रत्येक कामाचा ताण वाढतो.

गाडीला उतार मिळतो, सिग्नलला ती थांबते. बोटीचा पंखा मात्र सतत पाणी ढकलत असतो, त्यामुळे इंजिन तासन्‌तास एकाच मोठ्या भारावर चालते. आजूबाजूला सतत दमट हवा असते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात एखादे गॅस्केट किंवा कूलर फुटला तर पाणी थेट तेलात उतरते. शेतातल्या पंपाचे इंजिन बोटीवर बसवलेले असेल, तर ते अनेकदा थोडे तिरके बसते आणि चेंबरमधले तेल एका बाजूला जाते.

डब्यावरचा पहिला कोड: जाडपणा

डब्यावर १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४० किंवा नुसते ४० असे आकडे असतात. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो. १५डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे २० अंशांवर होते. नर्मदाकाठी तशी थंडी कधीच पडत नाही, त्यामुळे इथे १५ आणि २० यांत फारसा फरक पडत नाही.

महत्त्वाचा असतो तो नंतरचा आकडा. ४० क्रमांकाचे तेल १०० अंश सेल्सियसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक इतके दाट असते. वरची तिन्ही तेले याच पट्ट्यात बसतात. इंजिनाच्या पुस्तिकेत ४० असेल तर ४०च घ्यावे. झिजलेल्या इंजिनात ५० क्रमांकाचे दाट तेल ओतले की धूर थोडा कमी दिसतो, पण झिजलेले रिंग किंवा बेअरिंग त्याने बरे होत नाहीत. दुखणे फक्त झाकले जाते.

दुसरा कोड: दर्जा

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट ही संस्था तेलाच्या चाचण्या आणि वर्ग ठरवते. तिचे संक्षिप्त नाव एपीआय. सी अक्षराने सुरू होणारे वर्ग डिझेल इंजिनांसाठी, तर एस अक्षराने सुरू होणारे पेट्रोल इंजिनांसाठी असतात. डिझेलचे वर्ग काळानुसार असे आले: १९९० मध्ये सीएफ-४, १९९८ मध्ये सीएच-४, २००२ मध्ये सीआय-४, २००६ मध्ये सीजे-४ आणि २०१६ मध्ये सीके-४. यातला ४ हा आकडा फोर-स्ट्रोक इंजिनाचा आहे.

पुस्तिकेत सीएफ-४ मागितले असेल तर साधारणपणे सीएच-४ किंवा सीआय-४ तेल चालते. एफए-४ नावाचा वर्ग मात्र नव्या, खास इंजिनांसाठीच्या पातळ तेलाचा आहे. तो जुन्या इंजिनात वापरू नये.

इथे दोन चुका होण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे २०डब्ल्यू-४० एवढेच पाहून दुचाकीचे तेल उचलणे. दुचाकीच्या अनेक तेलांवर हाच आकडा असतो, पण डिझेलची काजळी सांभाळण्याची ताकद त्यात नसते. दुसरी चूक आउटबोर्ड मोटरच्या तेलाची. टू-स्ट्रोक पेट्रोल मोटरसाठी असलेले टीसी-डब्ल्यू३ तेल पेट्रोलबरोबर जळून जाण्यासाठी बनवलेले असते. त्यावर बोटीचे चित्र असले तरी ते डिझेल इंजिनाच्या चेंबरमध्ये ओतायचे नसते.

'मरीन' लिहिलेलेच तेल हवे का?

मोठ्या जहाजांची इंजिने गंधक जास्त असलेल्या जड इंधनावर चालत आली. गंधकातून आम्ल तयार होते, ते मारण्यासाठी जहाजांच्या तेलात क्षार भरपूर घालतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल मिळते आणि त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाखांत १० भागांपेक्षा जास्त नसते. पेट्रोल पंपावरचे डिझेल वापरणाऱ्या लहान बोटीला जहाजाचे तेल लागत नाही. उलट त्यातील जादा क्षारांची राख पिस्टनवर साचू शकते.

शिवाय नर्मदेचे पाणी गोडे आहे. समुद्रातल्या बोटीला मिठाच्या गंजाची भीती असते, ती इथे नाही. लहान डिझेल बोटीसाठी ट्रक-ट्रॅक्टरच्या इंजिनाला चालणारे, योग्य वर्गाचे १५डब्ल्यू-४० तेल बहुधा पुरेसे ठरते. अंतिम शब्द मात्र इंजिनाच्या पुस्तिकेचा. गिअरबॉक्सचे तेल अनेकदा वेगळे असते, तेही तिथेच पाहावे.

मग कंपनी कशी निवडावी?

बाजारात इंडियन ऑइलचे सर्वो, हिंदुस्तान पेट्रोलियमचे एचपी, भारत पेट्रोलियमचे मॅक, तसेच कॅस्ट्रॉल, गल्फ, शेल, व्हीडॉल अशी तेले मिळतात. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या इंजिन बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच्या नावानेही तेल विकतात. एकाच वर्गाची तेले एकाच प्रकारच्या चाचण्यांच्या कसोटीवर उतरलेली असावी लागतात. डब्यावर एपीआयचे गोल चिन्ह किंवा इंजिन कंपनीची मान्यता छापलेली असेल तर खात्री वाढते. नुसते 'मीट्स' असे लिहिलेले असेल तर तो तेल कंपनीचा स्वतःचा दावा असतो.

नर्मदाकाठच्या गावासाठी यापुढची कसोटी उपलब्धतेची आहे. धडगाव, मोलगी किंवा अक्कलकुव्याच्या बाजारात जे तेल वर्षभर सीलबंद मिळते, ते निवडून त्यालाच धरून राहावे. नंदुरबारहूनच आणावे लागणारे भारी तेल संपले, की मिळेल ते ओतले जाते किंवा बदल लांबवला जातो. दोन्हींत नुकसान आहे.

सुटे तेल घेऊ नये. झाकणाचे सील, बॅच क्रमांक आणि तारीख तपासून पंपावरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे, पावती ठेवावी. रिकाम्या डब्याला भोक पाडावे, म्हणजे त्यात बनावट तेल भरून विकता येत नाही. बोटीत एक सीलबंद डबा कायम असावा. वाटेत पातळी उतरलीच तर दुसऱ्या कंपनीचे, पण त्याच वर्गाचे तेल घालता येते. कमी तेलावर इंजिन चालवणे त्याहून कितीतरी धोक्याचे.

तेल कधी बदलावे?

डब्यावर किलोमीटर छापलेले असतात, बोटीला त्यांचा उपयोग नाही. बोटीचा हिशोब तासांचा असतो. अनेक लहान डिझेल इंजिनांत पहिला बदल सुमारे ५० तासांनी आणि पुढचे १०० ते २५० तासांनी सांगितलेले असतात. रोज ४ तास चालणाऱ्या बोटीचे १०० तास २५ दिवसांत भरतात.

तासांचे मीटर नसेल तर डिझेलवरून हिशोब ठेवता येतो. समजा, इंजिन तासाला दीड लिटर डिझेल पिते. मग १५० लिटर डिझेल संपले की १०० तास झाले. प्रत्येक कॅन ओतताना वहीत एक रेघ मारली तरी पुरते. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा. बोट काही महिने उभी राहणार असेल तर आधी तेल बदलावे, कारण वापरलेल्या तेलातील आम्ल आणि ओलावा आतले भाग खातात.

पट्टी काय सांगते?

रोज इंजिन सुरू करण्यापूर्वी, प्रवासी चढण्याआधी, बोट सपाट असताना तेलाची पट्टी पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त भरलेल्या तेलाला फेस येतो, तोही वाईट.

डिझेल इंजिनाचे तेल काळे होणे साहजिक आहे, काजळी त्यात धरली गेल्याची ती खूण असते. मात्र तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. न घालता पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला, तर इंधन गळत आहे. शंका असल्यास तापलेल्या पत्र्यावर एक थेंब टाकावा, पाणी असेल तर तो तडतडतो. अशा वेळी प्रवासी न घेता आधी मिस्त्रीला दाखवावे. नुसते तेल बदलून बिघाड जात नाही.

जुन्या तेलाचे काय?

वापरलेले इंजिन ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडते. ते जलाशयात किंवा काठावर ओतले की त्याचा तवंग मासेमारीच्या आणि वापराच्या पाण्यावर पसरतो. बोटीच्या तळात साचलेले तेलकट पाणीही तसेच बाहेर फेकू नये. जुने तेल झाकणाच्या डब्यात साठवून, ते अधिकृत पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या गॅरेजकडे किंवा विक्रेत्याकडे सोपवावे. हा डबा सांडू नये म्हणून बोटीत नव्या तेलापासून वेगळा, बांधून ठेवावा.