नांगराच्या जाहिरातीतून निघालेलं मासिक आणि पिंपरीचा लिहिता कामगार

हौसेने लिहिणाऱ्यांपर्यंत विकणाऱ्याने पोचायचं कसं, हा प्रश्न मराठीत 1920 सालीच एका नांगराच्या कारखान्यापुढे आला होता. किर्लोस्करवाडीहून त्या वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघालं ते साहित्यसेवेसाठी नव्हे. लोखंडी नांगराने जमीन नासते असं मानणाऱ्या शेतकऱ्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मोठ्या चिकाटीने माल विकला होता. आता कारखान्याची खबरबात गिऱ्हाइकापर्यंत नियमित जावी, एवढाच हेतू होता. पण संपादक शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकार, लाहोरला सातवळेकरांच्या हाताखाली शिकलेले. नुसत्या नांगराच्या गुणगानावर अंक फार दिवस चालणार नाही, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी पानं बाहेरच्या लेखकांना मोकळी केली. पुढे नावातली ‘खबर’ गळाली आणि ‘किर्लोस्कर’ उरलं. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही मासिकं त्याच्या जोडीला आली. लिहिणारा माणूस स्तुतीच्या मोबदल्याने जवळ येत नाही, त्याला जागा दिली की येतो, हा या इतिहासाचा धडा मला वाटतो. आणि जागा दिली की तिच्यावरचा ताबाही थोडा सोडावा लागतो.

यावर कोणी म्हणेल की, मालकाचंच मासिक ते, त्यात कसलं आलंय स्वातंत्र्य? आक्षेप निम्मा खरा आहे. किर्लोस्करांच्या इंजिनाला नावं ठेवणारा लेख त्यात आला असता असं मीही म्हणणार नाही. पण तीसच्या दशकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधून येत होते, हेही विसरता येत नाही. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असं ठणकावणाऱ्या लेखकाला नांगर विकणाऱ्या घराण्याने पानं द्यावीत, याचा अर्थ काय? बैलजोडी ज्याच्या दावणीला, तोच त्यांचं गिऱ्हाईक. नुसता खपाचा हिशेब असता तर अशा लेखकाला छापणं शहाणपणाचं नव्हतं. अमेरिकेत शेतीची अवजारं बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने 1895 पासून ‘द फरो’ हे शेतकऱ्यांचं नियतकालिक चालवलं. ते शेतीपाशी राहिलं. आपल्याकडचं मासिक नांगराला मागे टाकून रूढी, स्त्रीशिक्षण, विज्ञान यांत शिरलं. कारखान्याला त्यातून मिळाली ती विश्वासाची पत, आणि ती एखाद्या हंगामातल्या विक्रीत मोजता येण्यासारखी नव्हती.

पिंपरी-चिंचवडमध्ये विकणारा आणि लिहिणारा यांच्या नात्याचा हा प्रश्न उलट्या बाजूने आला. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, मग 1962 नंतर एमआयडीसी, आकुर्डीत बजाज, पाठोपाठ टेल्को. मराठवाडा, खानदेश, सातारा, कोकण इथून आलेला माणूस पाळी संपवून संत तुकाराम नगरसारख्या वस्त्यांत परतू लागला. त्यातले काही जण लिहू लागले. लिखाणावर पोट नसलेला हा लेखक. कविसंमेलनं, मंडळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक ही त्याची ठिकाणं. टेल्कोतल्या ‘कलासागर’ मंडळाचा दिवाळी अंक त्याच जातीचा. 1909 च्या ‘मनोरंजन’पासून दिवाळी अंकाला जाहिरातीचा आधार आहेच, पण इथल्या अंकांतली जाहिरात वेगळी असते. भोसरीतल्या टर्निंग-मिलिंगच्या शेडचा मालक पाव पान ‘हार्दिक शुभेच्छा’ देतो. त्याचं गिऱ्हाईक वाचक नसतंच. त्याचा माल मोठ्या कंपनीच्या गेटातून आत जातो. विक्रीच्या हिशेबाने हे पैसे पाण्यात गेले. तरी तो देतो, कारण अंकात कविता छापून आलेला माणूस त्याच्याच शेडमधला फिटर असू शकतो, किंवा कंपनीत माल तपासून घेणारा. आळंदी-देहूच्या टापूत याचं फार नवल वाटू नये. संत तुकाराम नगराला ज्यांचं नाव आहे ते तुकोबाही वाण्याचं दुकान चालवणारेच होते.

अर्थात हे चित्र फार गोड करू नये. कित्येक शुभेच्छा-जाहिराती नगरसेवकाच्या भिडेपोटी दिल्या जातात. कित्येक स्मरणिका जाहिराती गोळा करण्यासाठीच निघतात आणि मजकूर पानं भरायला लागतो. पण म्हणून जाहिरातदाराने लिहिणाऱ्याला विकत घेतलं असं होत नाही. बहुतेक वेळा त्याने आतलं वाचलेलंही नसतं. जिथे पैसा मोठा होता तिथेही हेच दिसलं. 2016 च्या जानेवारीत 89 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीत झालं. यजमान होतं संत तुकाराम नगरातलं डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ, मैदान हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचं. लेखकांच्या मेळ्याशी नाव जोडलं जावं असं शिक्षणसंस्थेला वाटण्यात गैर काही नाही. मात्र संमेलन भरण्याआधीच नियोजित अध्यक्ष श्रीपाल सबनीस यांच्या पंतप्रधानांविषयीच्या वक्तव्यावरून वाद पेटला, आणि तो यजमानाच्या हातातला विषय नव्हता. मांडवाचा खर्च करणाऱ्याला व्यासपीठावर खुर्ची मिळते. ध्वनिक्षेपकावर कोण काय बोलेल हे त्याला ठरवता येत नाही. ज्यांना हे आधीच मान्य नसेल त्यांनी पैसे भिंती रंगवण्यावर घालावेत. पुणे-मुंबई रस्त्यावर तशा भिंती भरपूर आहेत.