नितळ पाणी आणि निर्दोष पाणी



पाणी नितळ दिसलें कीं तें शुद्ध आहे, असें मानण्याची मनुष्याची संवय फार जुनी आहे. ह्या समजुतींत थोडें सत्य आहे आणि थोडा धोकाहि आहे. ज्यांच्या घरीं पोहण्याचा हौद आहे, त्यांस ह्या दोहोंमधील भेद कळणें अगत्याचें आहे. कारण त्या हौदांत घरांतील मुलें उतरतात. म्हणून गढूळ पाणी निवळण्याच्या विद्येचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडण्याचें मीं योजिलें आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत गढूळ पाणी निवळविणारीं सात द्रव्यें सांगितलीं आहेत. त्यांत कतक, म्हणजे आपली निवळीची बी, हिचें नांव प्रथम येतें. गाळण्याचें वस्त्रहि त्या सातांत मोजलें आहे. निवळीची बी भांड्यास आंतून घासण्याची, किंवा पाण्यांत तुरटी फिरविण्याची रीत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिचें मर्म पुढें रसायनशास्त्रानें उलगडलें. मातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत तरंगत राहतात, कारण त्या सर्वांवर ऋण विद्युद्भार असतो व ते एकमेकांस दूर लोटतात. तुरटीच्या योगानें हा भार नाहींसा होतो. कणांचे पुंजके बनतात आणि ते जड होऊन तळीं बसतात.

परंतु गाळ बसला म्हणजे दोष गेला असें नव्हे. १८५४ सालीं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागांत पटकीनें सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. डॉक्टर जॉन स्नो ह्यांनीं त्या साथीचा माग काढीत रस्त्यावरील एका पंपाच्या पाण्यावर बोट ठेविलें. तें पाणी डोळ्यांना फारसें वाईट दिसत नव्हतें! त्याच शतकांत इंग्लंडमधील सार्वजनिक स्नानगृहांत हौद भरावयाचा, कांहीं दिवस वापरावयाचा आणि मग रिता करावयाचा, अशी रीत होती. पाणी ताजें असे त्या दिवशीं प्रवेशाचा आकार अधिक; तें मळत जाई तसा आकार उतरे. अर्थात् गरिबाच्या वांट्यास मळकें पाणी येई.

हा अन्याय दूर करणारें द्रव्य क्लोरीन होय. स्वीडनमधील शेले ह्या रसायनज्ञानें तें १७७४ सालीं प्रथम तयार केलें. परंतु पाण्याच्या कामीं त्याचा उपयोग होण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. १९०८ सालीं अमेरिकेंत जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यांत डॉक्टर जॉन लील ह्यांनीं चुन्याचें क्लोरीनयुक्त चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, नियमानें मिसळण्यास आरंभ केला. प्रकरण न्यायालयांत गेलें, पण अखेर निर्णय त्यांच्या बाजूनें लागला. लागलीच १९१० सालीं ब्राउन विद्यापीठांतील पोहण्याच्या हौदावर बंकर नांवाच्या संशोधकानें तोच प्रयोग केला. तेव्हांपासून तेंच पाणी गाळून, जंतुरहित करून पुन्हां पुन्हां वापरण्याचा मार्ग मोकळा झाला.

पण क्लोरीन घातलें कीं काम संपलें, हीहि एक नवी भोळी समजूतच ठरली. कोपनहेगन येथील सोरेन्सन ह्यांनीं १९०९ सालीं पाण्याची आम्लता मोजण्यासाठीं पी-एच नांवाचें माप दिलें. त्या मापानें पाहतां ७.५ ह्या अंकावर हौदांतील मोकळ्या क्लोरीनपैकीं सुमारें निम्मा भाग जंतुनाशाचें काम जोमानें करतो, ८.५ वर जेमतेम एक दशांश. औषध तेवढेंच, परंतु गुण पांचवा हिस्सा! पुढें १९३६ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांतील लँगेलिअर ह्यांनीं पाण्यांतील चुना विरघळलेला राहील कीं बाहेर पडेल, हें आधीं ओळखण्याचें गणित मांडलें. म्हणून पी-एच ७.२ ते ७.८ आणि मोकळें क्लोरीन दहा लाख भागांत १ ते ३ भाग राखावें, हा आज घरगुती हौदाचा सामान्य नियम झाला आहे.

आतां ह्या इतिहासाच्या आधारें निदान कसें करावें तें पाहूं. पाणी हिरवट असून भिंती बुळबुळीत लागल्या, तर क्लोरीन सरलें व शेवाळ माजूं लागलें असें समजावें. पाऊस पडून गेल्यावर पाणी मातकट झालें, तर वाळूची गाळणी पाहावी. तें पेल्यांत रात्रभर ठेवल्यास बरीच माती तळीं बसते. पाणी दुधासारखें पांढरें झालें, तर बहुधा चुना बाहेर पडला आहे. पेलाभर पाण्यांत शिरक्याचे थेंब टाकून ढवळावें. निवळलें तर संशय उरत नाहीं. आपल्याकडील पुष्कळशा विंधनविहिरींचें पाणी जड असतें, आणि ब्लीचिंग पावडरींतहि चुना असतोच. म्हणून हा दोष येथें विशेष संभवतो. हौदास उग्र दर्प येतो तेव्हां लोक क्लोरीन फार झालें असें म्हणतात. वास्तविक घाम व मळ ह्यांशीं क्लोरीनचा संयोग होऊन तो दर्प उठतो, व अशा वेळीं मोकळें क्लोरीन बहुधा अपुरें असतें.

निदान न करितां औषध ओतल्यास काय होतें, हें २०१६ सालच्या रिओ ऑलिंपिकमध्यें जगानें पाहिलें. एका कंत्राटदाराच्या चुकीनें हौदांत ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड पडलें. त्यानें क्लोरीन निष्प्रभ केलें आणि थोड्याच दिवसांत सूर मारण्याच्या हौदाचें पाणी हिरवेंगार झालें. शेवटीं शेजारच्या हौदांतील लाखों लिटर पाणी काढून नवें भरावें लागलें.

थोडें अंकगणितहि करूं. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद व दीड मीटर खोल हौदांत ४८ हजार लिटर पाणी मावतें. दहा लाखांत एक भाग क्लोरीन म्हणजे त्यांत अवघें ४८ ग्रॅम. एवढ्या अल्प प्रमाणावर सारा खेळ असल्यामुळें अंदाजानें मुठी भरून टाकणें हा शुद्ध अविचार होय. आम्ल आणि क्लोरीनचें चूर्ण कधींहि एकत्र करूं नये. त्यांतून विषारी वायु निघतो. दोन प्रकारचीं क्लोरीनद्रव्यें एकमेकांत मिसळूं नयेत. आणि द्रव्य पाण्यांत घालावें, द्रव्यावर पाणी ओतूं नये. सर्वांत महत्त्वाचें हें कीं, हौदाचा तळ स्पष्ट दिसत नसेल तर कोणासहि पाण्यांत उतरूं देऊं नये. गढूळ पाण्यांत बुडालेलें मूल कांठावरच्या माणसास दिसत नाहीं.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत एक मार्मिक दाखला आहे: निवळीच्या झाडाचें फळ पाणी निवळवितें खरें, पण त्याचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं. क्लोरीनचेंहि तसेंच आहे. दुकानांतून डबा आणून ठेवल्यानें हौद निर्दोष होत नाहीं. रोज पाण्याकडे पाहणें, त्याचें माप घेणें आणि मगच हात उचलणें, एवढें व्रत ज्या घरीं पाळलें जाईल, त्या घरचीं मुलें निर्भयपणें पोहतील.